सर्व्हेच्या डेटावरून संभाव्यता कशी काढायची: साधी, एकत्र आणि कंडिशनल, अगदी पहिल्यापासून

प्रोजेक्टसाठी गुगल फॉर्म फिरवला, दोनतीनशे उत्तरं आली, आता गाईड म्हणतायत "यातून प्रोबॅबिलिटी काढून दाखवा", आणि दहावीला केलेले फासे, नाणी, पत्ते सोडून काही आठवत नाही, अशी अवस्था खूप जणांची होते. मग कोर्स एमएसडब्ल्यू असो, बीकॉम असो, नर्सिंग असो नाहीतर एमबीए. मी यातून गेलोय आणि आता ज्युनियर मुलामुलींचे तक्ते बघून द्यायला बसतो तेव्हा फिरून फिरून तेच गोंधळ दिसतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय.

गणित भागाकाराच्या पुढे जात नाही, हे आधीच सांगतो. अडतं ते फक्त कशाला कशाने भागायचं इथे. म्हणून प्रत्येक आकड्यापाशी थांबून "कुणापैकी?" एवढं विचारायची सवय लावून घ्या. खाली हा प्रश्न परत परत येणार आहे, कंटाळू नका.

उदाहरणाला मी मनचे आकडे घेत नाही, खरा सर्व्हे घेतो, म्हणजे तुम्हाला स्वतः ताडून बघता येईल. अमेरिकेतल्या डेलावेअर युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग नोंदवलेला एक सर्व्हे आहे, १९७४ साली तो छापून आला, आणि आर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे तो आधीपासूनच असतो. त्याचं नाव हेअरआयकलर, इंग्रजीत तीनही शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. आपल्याकडे केसांचा रंग कुणी विचारत नाही हे खरं, पण दोन प्रश्न, चार-चार पर्याय, एकूण ५९२ जण, शिकायला याहून सुटसुटीत काही नाही.

काय काय लागेल

- फॉर्मच्या उत्तरांची शीट, आणि तिची एक वेगळी कॉपी. मूळ शीटला हात लावायचा नाही, सगळं काम कॉपीवर.
- एक्सेल किंवा गुगल शीट्स. आर येत असेल तर उत्तमच, नसेल तरी काही अडत नाही.
- प्रश्नावली जशीच्या तशी, म्हणजे कुठला प्रश्न कुणाला विचारला होता हे नंतर बघता येतं. हे लोक हमखास हरवतात.
- तयार डेटा वापरत असाल तर त्याचं माहितीपत्रक किंवा कोडबुक.

१. आधी डेटा साफ करा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतात. टाइप करून घेतलेल्या उत्तरांमधे "हो", "होय", "हो " (मागे स्पेस), "यस" असे चार प्रकार सापडतील आणि कॉम्प्युटरच्या लेखी ती चार वेगळी उत्तरं असतात. मागेपुढे राहिलेल्या स्पेस ट्रिम फंक्शनने जातात, बाकीचं फाइंड-रिप्लेसने एकसारखं करा.

रिकामी उत्तरं आणि "माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामं म्हणजे त्या माणसाने उत्तरच दिलं नाही, त्याला त्या प्रश्नाच्या हिशोबातून बाहेर ठेवायचं आणि असे किती जण होते ते रिपोर्टमधे लिहायचं. "माहीत नाही" हे मात्र उत्तरच आहे, ते ठेवायचं की काढायचं हे तुमच्या प्रश्नावर ठरतं, फक्त एकदा काय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरून चला.

गुगल फॉर्ममधे चेकबॉक्सचा प्रश्न असेल (एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येतात तो) तर विशेष सांभाळा. एका माणसाची सगळी उत्तरं एकाच सेलमधे स्वल्पविराम देऊन येतात, "बस, लोकल, शेअर रिक्षा" अशी. इथे काउंटइफमधे (अटीत बसणारे सेल मोजणारं फंक्शन) शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाकून मोजावं लागतं, आणि "रिक्षा" शोधलंत तर "शेअर रिक्षा"वालेसुद्धा त्यात मोजले जातात. अशा प्रश्नाच्या टक्क्यांची बेरीज १०० च्या वर जाते, ते बरोबरच आहे, घाबरून ती १०० वर आणायला जाऊ नका.

२. दोन प्रश्नांचा तक्ता मांडा

एक्सेलमधे पिव्हट टेबल (उत्तरं मोजून आपोआप तक्ता करून देणारी सोय) घ्या, एक प्रश्न रोमधे, दुसरा कॉलममधे, आणि व्हॅल्यूजमधे काउंट. गुगल शीट्समधे व्हॅल्यूज अक्षरी असतील तर काउंटए निवडावं लागतं, नुसत्या काउंटला शून्य येतं. आपल्या सर्व्हेचा तक्ता असा होतो:

काळे केस: तपकिरी डोळे ६८, निळे २०, हेझल १५, हिरवे ५, एकूण १०८
तपकिरी केस: तपकिरी डोळे ११९, निळे ८४, हेझल ५४, हिरवे २९, एकूण २८६
लाल केस: तपकिरी डोळे २६, निळे १७, हेझल १४, हिरवे १४, एकूण ७१
सोनेरी केस: तपकिरी डोळे ७, निळे ९४, हेझल १०, हिरवे १६, एकूण १२७
सगळे मिळून: तपकिरी डोळे २२०, निळे २१५, हेझल ९३, हिरवे ६४, एकूण ५९२

(हेझल म्हणजे तपकिरी आणि हिरव्याच्या मधला रंग.) पुढे जायच्या आधी आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा दोन्हीकडून ५९२ येतायत ना बघा. नाही आल्या तर कुठेतरी रिकामी उत्तरं किंवा डबल नोंदी राहिल्यात, मागे जा.

आरमधे हा डेटा उघडलात तर त्यात स्त्री-पुरुष अशी तिसरी विभागणीही दिसेल. मी ती मुद्दाम एकत्र केलीये, कारण आरच्या हेल्प पानावरच लिहिलंय की ही विभागणी शिकवण्याच्या सोयीसाठी नंतर घातलेली आहे, मूळ सर्व्हेतली नाही. हे न वाचता "सोनेरी केसांच्या मुलींमधे अमुक टक्के निळे डोळे" असा निष्कर्ष काढून मोकळे झालेले रिपोर्ट असतात. तयार डेटा घेतलात तर माहितीपत्रक वाचल्याशिवाय एकही भागाकार करू नका, हे मी कळकळीने सांगतोय.

३. साधी संभाव्यता

या ५९२ जणांमधून डोळे मिटून एकाला उचललं तर त्याचे डोळे निळे असण्याची संभाव्यता किती? कुणापैकी? सगळ्यांपैकी. म्हणून २१५ भागिले ५९२, म्हणजे ०.३६३, साधारण ३६ टक्के. सोनेरी केसांची: १२७ भागिले ५९२, ०.२१५. निळे डोळे नसण्याची: १ वजा ०.३६३, म्हणजे ०.६३७. झालं, दहावीतलंच आहे हे सगळं.

उत्तर ० ते १ च्या मधे यायलाच हवं. १.४ किंवा वजा काही आलं तर भागाकार उलटा झालाय किंवा चुकीचा सेल धरलाय.

४. "आणि", "किंवा"

सोनेरी केस आणि निळे डोळे दोन्ही असण्याची संभाव्यता म्हणजे तक्त्यातला तो एक आतला सेल भागिले एकूण: ९४ भागिले ५९२, ०.१५९. कुणापैकी? अजूनही सगळ्यांपैकीच. शीटवर थेट मोजायचं असेल तर काउंटइफ्स वापरा, त्यात दोन्ही अटी एकामागे एक देता येतात.

"सोनेरी केस किंवा निळे डोळे" काढताना १२७ आणि २१५ ची नुसती बेरीज केली तर ते ९४ जण दोनदा मोजले जातात, त्यांना एकदा वजा करायचं. १२७ अधिक २१५ वजा ९४, म्हणजे २४८. भागिले ५९२, ०.४१९. इथल्या "किंवा"मधे दोन्ही असलेलेही धरलेले असतात हे लक्षात असू द्या, बोलताना आपण "चहा किंवा कॉफी" म्हणतो तसा एकच निवडायचा अर्थ इथे नसतो.

५. कंडिशनल संभाव्यता

पुस्तकात हिला सशर्त संभाव्यता म्हणतात आणि सूत्र असं दिसतं: पी(ब | अ) बरोबर पी(अ आणि ब) भागिले पी(अ), यात पी म्हणजे संभाव्यता. त्या उभ्या रेघेच्या उजवीकडे असते ती अट, म्हणजे जे आधीच माहीत आहे ते. सूत्र बघून दचकू नका, तक्ता समोर असेल तर त्याची गरजही पडत नाही.

प्रश्न असा: या माणसाचे केस सोनेरी आहेत हे आपल्याला कळलंय, तर त्याचे डोळे निळे असण्याची संभाव्यता किती? केस सोनेरी आहेत कळल्याबरोबर काळ्या, तपकिरी, लाल केसांच्या तिन्ही ओळी आपल्या कामाच्या राहिल्या नाहीत. कागदावर तक्ता काढला असेल तर खरोखर हाताने त्या ओळी झाकून टाका, उरते ती एकच ओळ: ७, ९४, १०, १६, एकूण १२७. आता कुणापैकी? त्या १२७ पैकी. ९४ भागिले १२७, ०.७४०. म्हणजे सगळ्यांमधे ३६ टक्के असलेले निळे डोळे सोनेरी केसवाल्यांमधे ७४ टक्के झाले. काळ्या केसांची ओळ घेतली तर २० भागिले १०८, ०.१८५.

सूत्राने करून बघा हवं तर: ०.१५९ भागिले ०.२१५, तेही ०.७४ च येतं, कारण दोन्हीकडचे ५९२ कटतात. अंशात तोच आतला सेल राहतो, बदलतो फक्त छेद.

पिव्हट टेबलमधे हे एका क्लिकवर होतं: शो व्हॅल्यूज अॅज मधे जाऊन ग्रँड टोटलचे टक्के निवडलेत तर पायरी ४ चे आकडे येतात, रो टोटलचे निवडलेत तर रोमधल्या प्रश्नाची अट लागते, कॉलम टोटलचे निवडलेत तर कॉलममधल्या प्रश्नाची. तिन्ही तक्ते दिसायला सारखेच असतात, म्हणून प्रत्येकाच्या वर मोठ्या अक्षरात "ओळीपैकी टक्के" किंवा "कॉलमपैकी टक्के" लिहून ठेवा, चार दिवसांनी उघडल्यावर तुम्हालाच आठवणार नाही. पटकन ओळखायचं तर १०० कुठल्या दिशेने होतंय ते बघा, आडवे १०० होत असतील तर अट ओळीची.

६. अट उलटी करू नका

हा सापळा सगळ्यात मोठा, इथे निवांत वाचा.

सोनेरी केस असताना निळे डोळे: ९४ भागिले १२७, ०.७४०.
निळे डोळे असताना सोनेरी केस: ९४ भागिले २१५, ०.४३७.

वरचा आकडा तोच, लोकही तेच, पण पहिल्यात १२७ जणांत शोधतोय आणि दुसऱ्यात २१५ जणांत, त्यामुळे ७४ टक्के आणि ४४ टक्के एवढा फरक. एसटीचे कंडक्टर जवळपास सगळे मराठी बोलतात, पण मराठी बोलणाऱ्यांपैकी कंडक्टर किती? बोलताना कुणी ही गल्लत करणार नाही, पण रिपोर्टमधे "व्यसन असलेल्यांपैकी ६० टक्के बेरोजगार" हे वाक्य दोन पानांनंतर "बेरोजगारांपैकी ६० टक्के व्यसनी" होऊन बसतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सामाजिक विषयावरच्या सर्व्हेत अशा एका वाक्याने अख्खी वस्ती बदनाम होऊ शकते, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

एका दिशेवरून दुसऱ्या दिशेला रीतसर जायचं असेल तर बेज यांचा नियम आहे: ०.७४० गुणिले सोनेरी केसांची साधी संभाव्यता ०.२१५, भागिले निळ्या डोळ्यांची साधी संभाव्यता ०.३६३. उत्तर ०.४३८ येईल, पूर्ण दशांश धरले तर ०.४३७ च. तक्ता हातात असताना याची गरज नसते, पण कधी तुमच्याकडे अख्खा तक्ता नसतो, नुसते टक्के असतात, तेव्हा हाच नियम कामी येतो.

७. दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे का

पायरी ३ चा आकडा आणि पायरी ५ चा आकडा शेजारी ठेवा. निळे डोळे सगळ्यांत ०.३६३, सोनेरी केसवाल्यांत ०.७४०. केसांचा रंग कळल्याने डोळ्यांबद्दलचा अंदाज बदलला, म्हणजे दोन्ही गोष्टी स्वतंत्र नाहीत. स्वतंत्र असत्या तर त्या सेलमधे १२७ गुणिले २१५ भागिले ५९२, म्हणजे साधारण ४६ जण यायला हवे होते, आहेत ९४.

संबंध नसला तरी सर्व्हेत दोन आकडे तंतोतंत सारखे कधी येत नाहीत, ०.३६ आणि ०.३८ असा किरकोळ फरक नुसत्या योगायोगाने पडतो. फरक योगायोगाचा आहे की खरा हे बघायला काय-स्क्वेअर टेस्ट आहे, तो वेगळा विषय. आणि संबंध दिसला म्हणजे एकामुळे दुसरं होतं असं नाही, तसं लिहू नका.

८. तिसरा प्रश्न मधे आणून बघा

कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीचं १९७३ च्या प्रवेशांचं प्रकरण प्रसिद्ध आहे. हा सर्व्हे नाही, अर्जांची मोजदाद आहे, पण पद्धत तीच. सहा मोठ्या विभागांचे मिळून आकडे असे: २६९१ पुरुषांनी अर्ज केले, ११९८ जणांना प्रवेश, म्हणजे ४४.५ टक्के. १८३५ स्त्रियांनी अर्ज केले, ५५७ जणींना प्रवेश, ३०.४ टक्के. सरळ भेदभाव दिसतो.

आता अट एक वाढवा, विभागाची. ए विभागात पुरुष ८२५ पैकी ५१२, म्हणजे ६२ टक्के, आणि स्त्रिया १०८ पैकी ८९, म्हणजे ८२ टक्के. एफ विभागात पुरुष ३७३ पैकी २२, स्त्रिया ३४१ पैकी २४, सहा आणि सात टक्के. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्तच आहे, उरलेल्या दोनात थोडंसं कमी. मग एकूणात एवढा फरक आला कुठून? ए आणि बी या दोन विभागांत प्रवेश सहज मिळत होता, पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त, १३८५ जण, तिथे गेले आणि स्त्रियांपैकी फक्त १३३. बाकी बहुतेक सगळ्या जणींनी अर्ज केले ते जिथे कुणालाच प्रवेश पटकन मिळत नव्हता तिथे. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

म्हणून तुमच्या दोन प्रश्नांत मोठा फरक दिसला की गाव-शहर, वय, शिक्षण यातला एखादा प्रश्न घेऊन प्रत्येक गटाचा वेगळा तक्ता करून बघा. चित्र पालटलं तर दोन्ही आकडे रिपोर्टमधे द्या.

९. छोटे गट, गाळीव प्रश्न आणि वेट

छोटा गट: अटी वाढवत गेलात की छेद झपाट्याने लहान होतो. तिघांपैकी दोघं म्हणजे ६७ टक्के हे गणित बरोबर पण अर्थ शून्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांत यासाठी चांगली पद्धत आहे, २५ ते ४९ जणांवर आधारलेला आकडा कंसात छापतात आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकडाच न देता तारका टाकतात. हीच पद्धत उचला. आणि मार्जिन ऑफ एरर (खरा आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते) काढताना छेदातली संख्या धरायची, वरच्या ७४ टक्क्यांसाठी १२७, अख्खे ५९२ नाही. १२७ धरून ती साधारण ८ टक्के इकडे-तिकडे येते, तीही सॅम्पल रँडम असेल तरच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फॉर्म रँडम नसतो, तिथे निष्कर्ष "उत्तर देणाऱ्यांपैकी" एवढ्यापुरताच ठेवा.

गाळीव प्रश्न: "दुचाकी चालवता का?" याला हो म्हणणाऱ्यांनाच "हेल्मेट घालता का?" विचारलेलं असतं. समजा ३०० जणांनी फॉर्म भरला, १८० दुचाकी चालवतात, ९० हेल्मेट घालतात. ९० भागिले १८० ही चालवणाऱ्यांपैकी हेल्मेट घालणाऱ्यांची कंडिशनल संभाव्यता, ५० टक्के. ९० भागिले ३०० म्हणजे चालवतोही आणि घालतोही, ३० टक्के. दोन्ही बरोबर, पण उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची. प्रश्नावली जपून ठेवा म्हटलं ते यासाठीच.

वेट: सरकारी सर्व्हेचा मूळ डेटा वापरणाऱ्यांसाठीच हे आहे, स्वतःचा फॉर्म असेल तर सोडून द्या. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्हावार आकडे मिळावेत म्हणून छोट्या जिल्ह्यातूनही पुरेशी घरं घेतलेली आहेत, त्यामुळे सिंधुदुर्गातली एक मुलाखत आणि पुण्यातली एक मुलाखत सारख्या वजनाच्या नसतात. म्हणून नुसती डोकी मोजायची नाहीत, वेटच्या कॉलमची बेरीज करायची. बायकांच्या फाइलमधे हा कॉलम व्ही००५ नावाने असतो आणि त्याला १० लाखाने भागून वापरायचं असतं. एक्सेलमधे काउंटइफ्सच्या जागी समइफ्स, अंशातही आणि छेदातही, बाकी सगळ्या पायऱ्या त्याच. गट छोटा आहे का हे ठरवताना मात्र खरी डोकी मोजा, वेट लावलेली बेरीज नाही.

१०. रिपोर्टमधे वाक्य कसं लिहायचं

प्रत्येक आकड्यासोबत तीन गोष्टी द्या: कुणापैकी, ते किती जण, आणि त्यातले किती. असं: "सोनेरी केस असलेल्या १२७ विद्यार्थ्यांपैकी ९४ जणांचे डोळे निळे होते (७४ टक्के)." नुसतं "७४ टक्के निळे डोळे आढळले" असं लिहिलंत तर व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येतो. टक्के पूर्णांकात चालतात, दोनशे जणांच्या सर्व्हेत ७४.०२ लिहून काही साधत नाही. गोळाबेरीज फक्त शेवटी करा, मधल्या पायऱ्यांत पूर्ण दशांश राहू द्या, नाहीतर पायरी ६ मधे दिसला तसा शेवटच्या आकड्यात फरक पडतो. आणि मूळ संख्यांचा तक्ता, टक्के नसलेला, परिशिष्टात नक्की जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला हवी ती अट लावून स्वतः भागाकार करून बघता येतो.